फेरबदल झालेल्या आधुनिक घरांचे वारसामूल्य

फेरबदल झालेल्या आधुनिक घरांचे वारसामूल्य हा वास्तुवारसा जतनशास्त्रातील एक वादाचा विषय आहे. विसाव्या शतकात आधुनिकतावादी विचाराने बांधलेल्या उपनगरी घरांत रहिवाशांनी पुढे खोल्या वाढवल्या, मजले चढवले, खिडक्या बुजवल्या किंवा छपरे बदलली, तर त्या घरांना वारसा म्हणून काही मूल्य उरते काय आणि उरत असल्यास ते नेमके कशात असते, हा त्यातील मुख्य प्रश्न होय. महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे चार्ल्स कोरिया यांनी आखलेली नवी मुंबईतील बेलापूरची ‘आर्टिस्ट व्हिलेज’ ही वसाहत. तेथील घरे रहिवाशांनी बदलावीत अशाच हेतूने बांधली गेली होती. त्यामुळे बदल म्हणजे वारशाची हानी, हा सर्वसाधारण समज तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. अमरावती, अकोला यांसारख्या वऱ्हाडातील शहरांत स्वातंत्र्योत्तर काळात उभ्या राहिलेल्या घरांनाही हाच प्रश्न काही वेगळ्या स्वरूपात लागू होतो.

संज्ञा व व्याप्ती

‘आधुनिकतावादी’ ही संज्ञा येथे ‘अलीकडची’ या अर्थाने वापरलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात रुजलेल्या आणि सिमेंट-काँक्रीट, पोलाद व काच यांच्या आधारे अलंकरणरहित, उपयोगप्रधान रचना करणाऱ्या वास्तुविचाराला उद्देशून ती योजली जाते. भारतात हा विचार १९३० नंतर ‘आर्ट डेको’ शैलीच्या सोबतीने रुजू लागला आणि स्वातंत्र्यानंतर सर्वत्र पसरला. हवामान, खर्च आणि स्थानिक राहणी यांनुसार त्यात बदल होत गेले. सपाट गच्ची, लांब छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, मोझॅकची फरशी व आवाराच्या मध्यभागी उभे असलेले स्वतंत्र घर ही त्याची भारतीय उपनगरांतील सामान्य लक्षणे होत.

‘फेरबदल’ या संज्ञेत तीन पातळ्यांचे बदल येतात. रंग, लोखंडी ग्रिल, कूलरसाठी केलेली चौकट यांसारखे बदल सहज मागे घेता येतात. वाढीव खोली, बंद केलेला व्हरांडा किंवा वर चढवलेला मजला यांमुळे मूळ घर झाकले जाते; परंतु ते बहुधा आत शिल्लक असते. मूळ घर पाडून त्याच जागी नवी इमारत उभारणे किंवा शेजारचे भूखंड एकत्र करणे ही तिसरी पातळी. तीत मूळ घर परत मिळण्याचा मार्ग राहत नाही.

आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर

पार्श्वभूमी

मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, असा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास मांडला. ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या १९६५ मधील अंकातून तो लोकांपुढे आला. पुढे राज्य शासनाने १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन केले. सुरुवातीच्या वर्षांत कोरिया हे या महामंडळाचे मुख्य वास्तुविशारद होते. आर्टिस्ट व्हिलेजची आखणी त्यांनी सिडकोसाठी केली आणि १९८३ ते १९८६ या काळात ती बांधण्यात आली. पारसिकच्या डोंगरपायथ्याशी, साडेपाच ते सहा हेक्टर जागेत, सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी ही योजना होती.

कोरिया (१९३०–२०१५) यांना ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक १९८४ मध्ये, म्हणजे या वसाहतीचे काम चालू असतानाच मिळाले. भारत सरकारने त्यांना २००६ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) या पुस्तकात त्यांनी तिसऱ्या जगातील शहरांच्या गृहप्रश्नाचा विचार मांडला. आकाशाखालची मोकळी जागा ही गरिबाच्या घरातील एक खोलीच होय आणि घर हे कुटुंबाच्या ऐपतीनुसार टप्प्याटप्प्याने वाढणारे असावे, ही त्यातील दोन प्रमुख सूत्रे बेलापूरच्या आराखड्यात प्रत्यक्ष दिसतात.

रचना

वसाहतीचा मूळ घटक म्हणजे सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती मांडलेली सात घरे. अशा तीन घटकांनी मिळून २१ घरांचा समूह होतो आणि त्याच्या मध्यभागी सुमारे १२ मीटरचे मोठे अंगण असते. असे तीन समूह एकत्र येऊन सुमारे २० मीटरच्या मोकळ्या जागेभोवती त्यांची वाडी तयार होते. घरापुढचे अंगण, काही घरांचे मिळून अंगण, वाडीचे अंगण आणि वसाहतीतून वाहणाऱ्या ओढ्याकाठची सार्वजनिक जागा अशी ही चढती मांडणी आहे. उंच इमारती न बांधताही हेक्टरी सुमारे ५०० माणसांची घनता साधता येते, हे तीतून दाखवावयाचे होते.

भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे ठेवण्यात आले. कुटुंबांच्या उत्पन्नात मोठी तफावत असली तरी जागेच्या वाट्यात ती तेवढी असू नये, असा त्यामागील विचार होता. घरे विटांच्या भिंतींची, उतरत्या कौलारू छपरांची आणि गावातील गवंडी-सुतारांना सहज बांधता येतील अशी होती. दोन घरांत सामाईक भिंत नाही, हा आराखड्यातील कळीचा नियम होय. प्रत्येक घर स्वतःच्या भिंतींवर स्वतंत्र उभे असल्यामुळे शेजाऱ्याची भिंत न हलवता मालकाला आपले घर वाढवता येते. वाढ होणार, हे येथे आरंभीच गृहीत धरलेले होते.

वसाहतीच्या नावावरून ती केवळ कलावंतांसाठी असावी असे वाटते. प्रत्यक्षात तेथे विविध व्यवसायांतील सर्वसामान्य कुटुंबे राहतात.

झालेले फेरबदल

वसाहत पूर्ण झाल्यानंतरच्या दशकांत नवी मुंबई वाढली, जागेचे मोल वाढले आणि कुटुंबांच्या गरजाही बदलल्या. काही रहिवाशांनी मूळ घर राखून मागे किंवा वर खोली वाढवली. अनेकांनी कौलारू घर पाडून त्या जागी दोन-तीन मजल्यांचे काँक्रीटचे घर बांधले. कौलांच्या जागी स्लॅब आला, लाकडी दारे-खिडक्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आले आणि घरापुढे कुंपणे उभी राहिली. मूळ स्वरूपातील घरे आज थोडी उरली आहेत. मात्र गल्ल्या व अंगणे यांची मांडणी बव्हंशी टिकून आहे. नव्या घरांच्या भिंतीही जुन्या भूखंडांच्या रेषेतच उभ्या असल्यामुळे आराखडा जागेवर फिरून अजूनही वाचता येतो.

वारसामूल्याचा प्रश्न

या वसाहतीबद्दल दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढता येतात. घराचे बाह्यरूप हाच वारसा मानला, तर आर्टिस्ट व्हिलेजचा बराचसा भाग गमावला गेला आहे. आराखड्यामागील तत्त्व हा वारसा मानला, तर वाढवलेले प्रत्येक घर हे त्या तत्त्वाची पूर्तता ठरते. दुसऱ्या दृष्टीने पाहता येथील वारसा भिंतींत कमी आणि भिंतींमधील मोकळ्या जागेत अधिक आहे. घर वाढूनही अंगण सामाईक राहिले असेल, तर मूल्य टिकले. अंगण कुंपणाआड गेले किंवा दोन भूखंड जोडून एकच इमारत झाली, तर ते संपले.

येथे एक अंतर्विरोधही आहे. सामाईक भिंत नसण्याचा जो नियम घर वाढवण्याची मुभा देण्यासाठी केला, त्याच नियमामुळे घर पूर्णपणे पाडणेही सोपे झाले. टप्प्याटप्प्याने वाढणे आणि एकदम नवे बांधणे या दोहोंत फरक आहे. पहिल्यात कुटुंबाचा इतिहास घराच्या थरांतून दिसत राहतो, दुसऱ्यात तो पुसला जातो.

समांतर उदाहरणे

फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या पेसाक येथे ल कॉर्ब्युझिए यांनी आंरी फ्रुजेस या कारखानदारासाठी १९२४ ते १९२६ या काळात सुमारे पन्नास घरांची वसाहत बांधली. कामगारांसाठी बांधलेल्या या घरांत रहिवाशांनी आडव्या खिडक्या अरुंद केल्या, गच्च्या झाकल्या आणि काही ठिकाणी उतरती छपरेही घातली. दीर्घकाळ हा आधुनिक वास्तुकलेचा पराभव मानला जात असे. फिलिप बूदों यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र वेगळे मत मांडले. मूळ आराखडा लवचीक असल्यामुळेच इतके बदल तो सामावून घेऊ शकला, हे त्यांनी रहिवाशांच्या मुलाखतींच्या आधारे दाखवले. एका घराला १९८० मध्ये संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला, पुढे इतर घरांचे जतन सुरू झाले आणि २०१६ मध्ये ही वसाहत ल कॉर्ब्युझिए यांच्या इतर कामांसह जागतिक वारसा यादीत आली. चंडीगढ येथील कॅपिटॉल संकुलाचाही त्याच नोंदीत समावेश आहे.

पेरू देशाची राजधानी लिमा येथील ‘प्रेव्ही’ या प्रायोगिक गृहयोजनेत विविध देशांतील वास्तुविशारदांनी भाग घेतला होता व त्यांत कोरियाही होते. वाढवता येतील अशी घरे हेच त्या योजनेचे सूत्र होते. १९७० च्या दशकात बांधलेल्या त्या घरांवर पुढे मजले चढले, काहींत दुकाने व शाळा निघाल्या. घराची वाढ कशी होते हे पाहण्यासाठी वास्तुकलेचे अभ्यासक आजही ती वसाहत अभ्यासतात.

इंदूर येथील ‘अरण्य’ ही बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत याच विचाराची. तेथे नमुन्यादाखल ८० घरे बांधण्यात आली आणि उरलेल्या कुटुंबांना जोते, पाणी व शौचालय यांची सोय असलेले भूखंड देण्यात आले. या प्रकल्पास १९९५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तेथेही नमुना घरे आज मूळ रूपात फारशी राहिलेली नाहीत.

जतनशास्त्रातील निकष

१९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन तत्त्वे घालून दिली. वास्तूवर निरनिराळ्या काळांत पडलेल्या भरींचा मान राखावा, कारण शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट नाही. आणि जेथून अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबवावा. ही तत्त्वे मुख्यतः प्राचीन स्मारके डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असली, तरी फेरबदल झालेल्या घरालाही ती लागू पडतात.

ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेल्या बर्रा सनदेने सौंदर्य व इतिहास यांच्या जोडीने सामाजिक मूल्यालाही स्थान दिले. जपानमधील नारा येथे १९९४ मध्ये तयार झालेल्या दस्तऐवजाने अस्सलपणाची कल्पना व्यापक केली. रूप व सामग्री यांच्याबरोबरच वापर, परंपरा, परिसर आणि वास्तूची भावना यांवरूनही अस्सलपणा ठरवता येतो, असे तो सांगतो. लाकडी मंदिरांचे भाग वेळोवेळी बदलण्याच्या आशियाई परंपरेची पार्श्वभूमी त्याला होती. आधुनिक वास्तूंच्या नोंदणीसाठी १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘डोकोमोमो’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. विसाव्या शतकातील वारशासाठी इकोमॉस या संस्थेने तयार केलेल्या मार्गदर्शक दस्तऐवजाची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये ‘माद्रिद–नवी दिल्ली दस्तऐवज’ या नावाने पुढे आली.

कायदा व नियमावली

भारतात केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी असलेल्या १९५८ च्या अधिनियमानुसार वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळातील घरे त्याच्या कक्षेत येत नाहीत. अशा वास्तूंची भिस्त शहरांच्या विकास नियंत्रण नियमावलीतील वारसा तरतुदींवर असते. मुंबईसाठी असे नियम १९९५ मध्ये लागू झाले. त्यांनुसार वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी होते. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या, दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या आणि तिसऱ्या श्रेणीत परिसराच्या रूपाला हातभार लावणाऱ्या वास्तू येतात. एकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसराची नोंद करण्याची सोयही त्यांत आहे. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांसाठी २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली असून तीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. अमरावती व अकोला महानगरपालिकांची क्षेत्रे तिच्याखाली येतात.

वयाची अट किती निर्णायक ठरू शकते याचे उदाहरण दिल्लीत घडले. प्रगती मैदानावरील राज रेवाल यांनी रचलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे १९७२ मधील प्रदर्शनगृह वारसा यादीत घ्यावे, अशी मागणी झाली होती. परंतु ६० वर्षांहून जुन्या वास्तूंचाच विचार होईल, अशी भूमिका घेतली गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये ते पाडण्यात आले.

मुंबईत ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. त्याच शैलीचा प्रभाव असलेल्या दादरच्या शिवाजी पार्क परिसराचा मात्र महानगरपालिकेच्या विस्तारित वारसा यादीत समावेश करण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये पुढे आला, तेव्हा अनेक रहिवाशांनी त्याला विरोध केला. दुरुस्ती व पुनर्विकास अडेल, अशी त्यांची भीती होती.

वऱ्हाडातील घरे

अमरावतीचा दगडी परकोट, अकोल्याचा असदगड, बाळापूरचा किल्ला व छत्री, गाविलगड आणि नरनाळा ही वऱ्हाडातील वारशाची सर्वमान्य नावे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घरांचा त्यांच्या जोडीने उल्लेख होत नाही. याच काळात या दोन्ही शहरांच्या कडेची शेतजमीन अकृषक होऊन तिचे ‘ले-आउट’ पडले. शिक्षक, कारकून, वकील व बँक कर्मचारी यांनी कित्येकदा गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या द्वारे तेथे भूखंड घेऊन घरे बांधली. मातीच्या धाब्याची किंवा कवेलूंची घरे सोडून आलेल्या पिढीचे हे पहिले स्लॅबचे घर असे.

ही घरे नामांकित वास्तुविशारदांनी रचलेली नसतात. स्थानिक अभियंता किंवा मिस्त्री यांनी शहरांतून व नियतकालिकांतून पाहिलेल्या आधुनिक रूपांना वऱ्हाडच्या उन्हाळ्याशी जुळवून घेतले. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या प्रदेशात खोल छज्जा, जाळीचा व्हरांडा आणि रात्री झोपण्याची गच्ची यांना केवळ शोभेचे स्थान नव्हते. घरापुढचे अंगण, तुळशीवृंदावन आणि मागचे न्हाणीघर या जुन्या घराच्या खुणाही नव्या नकाशात आल्या.

या घरांतील फेरबदलांची काही कारणे प्रादेशिक आहेत. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असल्यास भिंतींना तडे जातात आणि नवे खांब-तुळया घालाव्या लागतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्यामुळे भिंतींना लोणा लागतो आणि स्लॅबमधील लोखंडी सळ्या गंजतात. कूलर आल्यावर खिडक्यांच्या चौकटी कापल्या गेल्या, वाहने आल्यावर अंगणाचा काही भाग पोर्चखाली गेला. कुटुंबात लग्ने झाली तसा वरचा मजला चढला. बेलापूरला आराखड्यातच लिहिलेली वाढ येथे आराखड्यावाचून घडली. तथापि दोन्हीकडे घराने कुटुंबाबरोबर वाढावे, हीच अपेक्षा होती.

मतभेद

फेरबदल झालेल्या घरांना वारसा मानण्यास विरोध करणाऱ्यांचे मुख्य आक्षेप तीन आहेत. पहिला असा की, राहते घर ही कुटुंबाची सर्वांत मोठी मिळकत असते आणि तिच्यावर निर्बंध घातल्यास भरपाई कोण देणार, याचे उत्तर मिळत नाही. दुसरा असा की, प्रत्येक बदलाला ‘मूल्य’ म्हटले तर निकषच उरत नाही. तिसरा आक्षेप कोरिया यांच्या विचारातूनच निघतो: जी घरे बदलण्यासाठी बांधली, ती गोठवून ठेवणे हा त्या विचाराचाच भंग होय.

जतनाच्या बाजूने असे उत्तर दिले जाते की, संरक्षण घराला नव्हे, तर त्या घराच्या वाढीला सामावून घेणाऱ्या व्यवस्थेला द्यावे. खोली वाढवण्यास मुभा असावी. मात्र सामाईक अंगण, गल्लीची रुंदी, भूखंडांच्या रेषा आणि घरांची माफक उंची यांना हात लागू नये. अशा वसाहतींना परिसर म्हणून नोंदवणे एकेका घराला श्रेणी देण्यापेक्षा सयुक्तिक ठरते. भूखंड जोडून उंच इमारत उभारण्यास परवानगी मिळाली, तर मात्र नंतरची कोणतीही दुरुस्ती मूळ मांडणी परत आणू शकत नाही. त्यामुळे या मतभेदातील खरा कालमर्यादेचा प्रश्न भूखंड-एकत्रीकरणाचा आहे.

नोंद व जतनाचे उपाय

फेरबदल झालेल्या घराच्या नोंदीत मूळ नकाशा व आजचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवणे, प्रत्येक भरीचे वर्ष व कारण लिहिणे आणि मागे घेता येणारे व न येणारे बदल वेगळे दाखवणे आवश्यक मानले जाते. मंजूर बांधकाम नकाशे, मालमत्ता कराच्या नोंदी, कौटुंबिक छायाचित्रे आणि जुन्या रहिवाशांच्या आठवणी ही त्याची साधने होत. मूळ मालकांची पिढी वृद्ध झाल्यामुळे यांपैकी आठवणींचे साधन सर्वांत आधी नाहीसे होण्याचा संभव असतो. नोंद झाल्याने घर वाचेलच असे नाही. तथापि ते पाडले गेल्यास ते कसे होते व का बदलले, हे पुढील अभ्यासकास त्या नोंदीवरून समजू शकते.